पटावरचे १८४४६७४४०७३७०९५५१६१५ दाणे: या आकड्याच्या पोटात काय काय आहे?

मोजदाद (धागालेखक)

लेक सातवीत आहे. घातांकांचा धडा सुरू झाला आणि बाईंनी वर्गात बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट सांगितली. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत. राजा आधी हसतो, मग त्याची कोठारं रिकामी होतात. एकूण दाणे २^६४ − १.

घरी येऊन तिने माझ्या मोबाइलवर २^६४ दाबलं. १.८४४६७४४०७ आणि पुढे ते घाताचं शेपूट. "बाबा, हे उत्तर नाहीये. शेवटचा आकडा सांग."

शेवटचा आकडा तसा फुकटात मिळतो. २, ४, ८, ६ हे चक्र फिरत राहतं आणि ६४ ला ४ ने भाग जातो, म्हणून २^६४ च्या शेवटी ६. एक वजा केला की ५. पण तिला मधलेही सगळे हवे होते. मग बसलो दोघं वही घेऊन. चौसष्ट वेळा दुप्पट करायची गरज नाही, सहा वेळा वर्ग केला की काम होतं: २ चा ४, ४ चा १६, १६ चा २५६, २५६ चा ६५५३६, त्याचा ४२९४९६७२९६, आणि त्याचा शेवटचा वर्ग. हा शेवटचा घाम काढतो. आम्ही संख्या मधोमध तोडली, ४२९४९ आणि ६७२९६, आणि (अ + ब)² लावलं:

अ² = १८४४६१६६०१
२अब = ५७८०५९१८०८
ब² = ४५२८७५१६१६

पहिल्यापुढे दहा शून्यं, दुसऱ्यापुढे पाच, आणि बेरीज: १८४४६७४४०७३७०९५५१६१६. एक वजा करून शीर्षकातला आकडा. नवाचा ताळाही जुळला: अंकांची बेरीज ८७, म्हणजे ६. इकडे २^६ = ६४ ला ९ ने भागून बाकी १ उरते, म्हणून २^६४ ची बाकी २^४ ची, म्हणजे ७. एक वजा, ६. टाळी!

इथवर शाळेचं. पुढचं मात्र मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, म्हणून हा धागा.

लेकीने प्रत्येक टप्प्याला दाण्यांची बेरीज लिहून ठेवली होती. दोन घरांत ३ दाणे. चार घरांत १५. एका ओळीत, म्हणजे आठ घरांत, २५५. सोळा घरांत ६५५३५. बत्तीस घरांत ४२९४९६७२९५. आणि तिच्या लक्षात आलं की १५ ला ३ ने भाग जातो, २५५ ला १५ ने, ६५५३५ ला २५५ ने. का, ते पट बघितला की दिसतं. पुढच्या चार घरांतलं प्रत्येक घर मागच्या चारांतल्या आपल्या जोडीदाराच्या १६ पट आहे. म्हणून आठ घरं म्हणजे मागच्या चार घरांच्या १ + १६ = १७ पट. असं पटाची घडी उलगडत गेलं की

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

एवढी फोड आपोआप पडते. एकही भागाकार न करता! यातल्या पहिल्या पाच मूळ संख्या आहेत. सहावी? फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला १६४० मध्ये वाटलं होतं की २, ४, १६, २५६… या रांगेतल्या कुठल्याही संख्येत १ मिळवला की मूळ संख्याच येणार. १७३२ मध्ये ऑयलर या स्विस गणितज्ञाने दाखवलं की ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७.

आम्ही ३ पासून १०१ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं आणि वही संपली. ६४१ पर्यंत जायचं तर ती ११६ वी मूळ संख्या आहे. ऑयलरनेही असंच एकामागून एक भागत काढलं का? की काही युक्ती होती?

भोचक

सातवीतल्या मुलीला रविवारी दहा आकडी संख्येचा वर्ग करायला बसवणाऱ्या बापाचा निषेध.

मोजदाद

@भोचक, बसवलं तिने मला.

बाजारसमिती

आमचं धान्याचं दुकान आहे, त्यामुळे ही गोष्ट ऐकली की पहिला प्रश्न येतो, वजन किती? काल दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. लोकवनचे १०० दाणे मोजले आणि शेजारच्या सोनाराच्या काट्यावर टाकले. ४ ग्रॅमच्या किंचित वर. म्हणजे दाण्याला ०.०४ ग्रॅम धरू.

पहिली ओळ, २५५ दाणे: १० ग्रॅम. एक पोळी होणार नाही.
दोन ओळी: २ किलो ६२० ग्रॅम. घरातली दळणाची पिशवी.
तीन ओळी: ६७१ किलो. टेंपो सांगावा लागेल.
चार ओळी, म्हणजे अर्धा पट: १७२ टन. सोळा टनी ट्रक धरला तर अकरा ट्रक. आमच्या यार्डात हंगामात एवढी आवक डोळ्यांनी पाहिलेली आहे. राजाला अर्ध्या पटापर्यंत काही कळलंच नसणार, एखाद्या गावची वसुली गेली एवढंच.

मग उरलेला अर्धा. आपल्या देशाचा वर्षाचा गहू ११ कोटी टनांच्या आसपास असतो, तो बावन्नाव्या घरावर संपतो. अख्ख्या पटाचे होतात ७३,७८७ कोटी टन. जगाचं वर्षाचं पीक ढोबळमानाने ८० कोटी टन धरलं तर नऊशेहून जास्त वर्षांचं. बारदान कुठून आणणार?

मोजदाद

@बाजारसमिती, हे झकास. आणि बघा, तुमच्या अकरा ट्रकना ४२९४९६७२९७ ने गुणलं की अख्खा पट. म्हणजे फर्मा ज्या संख्येवर फसला तीच तुमच्या यार्डाचा आणि जगाच्या कोठाराचा गुणक आहे.

काशीप्रसाद

याच संख्येबद्दल आमच्या कुटुंबाच्या गटावर एक संदेश आला होता. काशीच्या देवळात हिऱ्याच्या तीन सुया आहेत, एका सुईवर सोन्याच्या ६४ चकत्या, मोठीवर छोटी अशा रचलेल्या. पुजारी रात्रंदिवस एकेक चकती हलवतात. मोठी चकती छोटीवर ठेवायची नाही. सगळ्या चकत्या दुसऱ्या सुईवर गेल्या की जगाचा अंत. त्यासाठी नेमक्या एवढ्याच, २^६४ − १, चाली लागतात. आपल्या पूर्वजांना हे गणित ठाऊक होतं!

शंकासुर

काका, ते देऊळ पॅरिसमध्ये बांधलंय. एदुआर लुका नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ मध्ये हे खेळणं बाजारात आणलं, तेही 'सयामचे क्लॉस' असं टोपणनाव घेऊन. ती त्याच्याच नावगावाच्या अक्षरांची उलटापालट होती. काशीची कथा त्या खेळण्याच्या प्रसिद्धीबरोबर पसरली. काशीत कुणी अशी सुई पाहिलेली नाही.

गणित मात्र खरं आहे. न चकत्यांना २^न − १ चाली लागतात: वरच्या सगळ्या बाजूला करा, तळाची हलवा, वरच्या परत आणा, म्हणजे आधीच्या दुप्पट अधिक एक. सेकंदाला एक चाल धरली तर सुमारे ५८,४५५ कोटी वर्षं. विश्वाचं वय १,३८० कोटी. तेव्हा गटावर कळवून टाका, घाई नाही.

काशीप्रसाद

कळवलं. मेव्हण्याने गटातून काढलं.

कर्कटक

धागालेखकाच्या प्रश्नाकडे येतो. ३४ वर्षं शाळेत गणित शिकवलं, हा प्रश्न एकाही पोराने विचारला नव्हता, त्यामुळे जरा लांबेल.

ऑयलर आंधळेपणाने भागत बसला नाही. समजा प ही मूळ संख्या २^३२ + १ ला निःशेष भागते. म्हणजे प ने भागल्यावर २^३२ ची बाकी −१ (पूर्ण भाग जायला एक कमी पडतो). वर्ग केला की २^६४ ची बाकी १. म्हणजे २ चे घात घेत गेलं तर बाकी १ यायला बरोबर ६४ पावलं लागतात, आधी येत नाही. आधी आली असती तर बत्तिसाव्या पावलाला −१ दिसला नसता. आता एक नियम असा की प मूळ असेल आणि विषम असेल तर २^(प − १) ची बाकी नेहमी १ असते. चौसष्ट पावलांची फेरी प − १ पावलांत पूर्ण बसली पाहिजे, म्हणून प − १ ला ६४ ने भाग जायलाच हवा.

झालं. आता ६४ च्या पाढ्यात एक मिळवत जा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. दहाच संख्या आणि त्यातल्या मूळ पाच. १९३ ने जात नाही, २५७ ने नाही, ४४९ ने नाही, ५७७ ने नाही, ६४१ ने जातो. तुमच्या वहीत १०१ पर्यंतचे पंचवीस भागाकार झाले म्हणता, त्यातला एकही करायची गरज नव्हती.

यातली गंमत अशी की मी वर जो नियम वापरला तो खुद्द फर्माचा आहे. त्याच १६४० सालच्या एका पत्रातला. स्वतःच्या हत्याराने पाच भागाकार केले असते तर स्वतःचीच अटकळ मोडली असती.

पुढे लुकाने, वर चकत्यांवाला आला तोच, हे आणखी आवळलं: ६४ च्या जागी १२८ चालतं. मग उरतात १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. मूळ दोनच. आणि २५७ ही आपल्या फोडीत आधीच येऊन गेली आहे, या रांगेतल्या कुठल्याही दोन संख्यांना १ सोडून समान विभाजक नसतो, म्हणून तीही बाद. पहिलाच खरा प्रयत्न ६४१.

लुकाचा हाच नियम ६५५३७ ला, म्हणजे २^१६ + १ ला लावा. घात निम्मा, म्हणून १२८ च्या जागी ६४. तिथे विभाजक ६४ च्या पाढ्यात एक मिळवलेला हवा आणि २५६ च्या आत हवा. ६५ आणि १२९ मूळ नाहीत, उरला १९३. ३३९ वेळा जातो, बाकी ११०. एका भागाकारात ६५५३७ मूळ असल्याचं सिद्ध. मुलीला सांगा, नव्या वहीची पहिली ओळ पुरेल.

मोजदाद

सर, दंडवत. ६४१ चं आता पटलं. पण तिचा लगेच पुढचा प्रश्न: भागाकार न करता ६४१ ने भाग जातो हे दाखवता येतं का?

कर्कटक

येतं, आणि ते इतकं देखणं आहे की मी फळ्यावर लिहून पाच मिनिटं नुसता उभा राहायचो.

६४१ दोन तऱ्हांनी लिहा:
६४१ = ५ × १२८ + १
६४१ = ६२५ + १६

पहिल्यावरून ५ × २^७ ची बाकी −१. त्याचा चौथा घात घ्या, ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ ची बाकी −१६, म्हणजे −२^४. ती आत घाला: −२^४ × २^२८ ची बाकी १. म्हणजे −२^३२ ची बाकी १. म्हणजे २^३२ + १ ची बाकी शून्य.

दहा आकडी संख्या कुठे लिहावीसुद्धा लागली नाही.

शंकासुर

ज्यांना दोनाच्या घातांनी गरगरतं त्यांच्यासाठी आपल्या रोजच्या दशमान पद्धतीतलं भावंडं सांगतो. ११११११११ घ्या, आठ एक. घडी उलगडा: ११ × १०१ × १०००१. ११ मूळ. १०१ मूळ. आता १०००१ पण मूळ असणार असं म्हणाल तर तुमचा फर्मा झाला. १०००१ = ७३ × १३७.

पटावरचे दाणे द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहिले तर नुसते चौसष्ट एक येतात, प्रत्येक घराचा एक. तिथली फोड हीच आहे. फक्त दहाच्या पद्धतीत फसगत तिसऱ्याच पायरीला होते, दोनाच्या पद्धतीत सहाव्या. फर्मा पाच पायऱ्या सुखरूप चढला म्हणून त्याला विश्वास बसला.

बिटकुळे

चौसष्ट एक म्हटल्यावर आम्ही संगणकवाले धावणारच. ६४ बिटांच्या, म्हणजे चौसष्ट शून्य-एकांच्या, खणात मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या म्हणजे हाच आकडा. त्यात एक मिळवा, सगळे एक पडतात आणि शून्य. रिक्षाच्या जुन्या मीटरवर नऊनंतर शून्यं यायची तसं. तोच खण ऋण संख्याही चालतील असा वाचला तर चौसष्ट एक म्हणजे −१. एकच खण, वाचणारा कोण त्यावर किंमत.

या आकड्याने माझा एक आठवडा खाल्लाय. आधीच्या नोकरीत व्यवहारांचे क्रमांक ६४ बिटांचे होते आणि ब्राउझरमध्ये ते जावास्क्रिप्टने साधी संख्या म्हणून वाचले जायचे. जावास्क्रिप्टची साधी संख्या २^५३, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, इथपर्यंतच सलग आणि नेमकी असते. त्यापुढे शेवटचे आकडे गोल होतात. धाग्याच्या शीर्षकातला आकडा तिथे टाकून बघा, १८४४६७४४०७३७०९५५२००० असा दिसेल. लागोपाठचे तीन क्रमांक पडद्यावर एकच दिसायचे आणि एकाची पावती उघडली की दुसऱ्याची यायची. पाच दिवस आम्ही विदागारात (डेटाबेसमध्ये) चोर शोधत होतो. शेवटी क्रमांक अवतरणात टाकून अक्षरं म्हणून पाठवले. तुमच्या लेकीची तक्रार, "हे उत्तर नाहीये", आमच्या परीक्षण करणाऱ्या मुलीने पहिल्या दिवशी केली होती. कुणी ऐकलं नाही.

जाता जाता: या संख्येच्या खाली सर्वांत जवळची मूळ संख्या २^६४ − ५९ आहे. शेवट …५५१५५७ असा.

भोचक

म्हणजे सातवीतली मुलगी नोकरीला ठेवा.

पाटणादेवी

चाळीसगावकडची आहे, त्यामुळे भास्कराचार्य आणल्याशिवाय राहवत नाही. पण अभिमानाचा ढोल नाही, नेमकं सांगते.

'लीलावती'त दशगुणोत्तर नावं दिली आहेत ती परार्धापर्यंत, म्हणजे १०^१७. हा आकडा त्याच्याही वर जातो. वाचायचाच तर: १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, निखर्व शून्य, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, कोटी शून्य, ९ प्रयुत, ५ लक्ष, ५ अयुत, १ सहस्र, ६ शत, १ दश, ५. मोठ्याने वाचून बघा, मंत्रपुष्पांजलीला बसल्यासारखं वाटतं.

आणि धागालेखकाने लेकीबरोबर जे केलं, सहा वेळा वर्ग, ती रीत 'लीलावती'च्या श्रेढीव्यवहारात तशीच्या तशी आहे. पदसंख्या विषम असेल तर एक वजा करा आणि 'गुणक' लिहा, सम असेल तर निम्मी करा आणि 'वर्ग' लिहा, शून्य येईपर्यंत. मग खालून वर करत या. ६४ ला लावलं की सहा 'वर्ग' आणि तळाला एक 'गुणक'. रीत त्याहून जुनी आहे, पिंगलाच्या छंदःशास्त्रात सापडते.

तिथलं उदाहरणही दाण्यांच्या गोष्टीचंच भावंडं आहे. एकाने याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट द्यायचं कबूल केलं. तर महिन्यात किती निष्क दिले? एकूण कवड्या २१४७४८३६४६. २० कवड्यांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म, १६ द्रम्मांचा निष्क. उत्तर १०४८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी, ६ कवड्या. मी हे आज पुन्हा करून पाहिलं, एक कवडी इकडची तिकडे नाही.

अल्-बिरुनी या मध्ययुगीन विद्वानाने तर पटावरच्या दाण्यांची पूर्ण वीस आकडी बेरीज इ.स. १००० च्या सुमारास आपल्या कालगणनेच्या ग्रंथात दिली आहे.

बिटकुळे

@पाटणादेवी, थांबा थांबा. २१४७४८३६४६? हा तर आमचा २०३८ चा आकडा! जुन्या यंत्रणांत वेळ म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद, ३२ बिटांच्या खणात. त्यात मावणारा सर्वांत मोठा सेकंद २१४७४८३६४७, तो १९ जानेवारी २०३८ ला येतो, पुढे घड्याळ उलटं फिरून १९०१ मध्ये. भास्कराचार्यांच्या याचकाला आणखी एक कवडी मिळाली असती तर खण बरोबर भरला असता.

कर्कटक

आणि ती एक कवडी मिळवून येणारी २१४७४८३६४७ मूळ आहे, तेही ऑयलरनेच १७७२ मध्ये दाखवलं. आपल्या पटाच्या आकड्याशी तिचा १ सोडून एकही समान विभाजक नाही.

देवळालीकर

कापरेकर सरांचं नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणून फक्त एवढ्यासाठी लॉगिन केलं. देवळालीला शाळेत शिकवत, संख्यांशी खेळत. कापरेकर संख्या म्हणजे जिचा वर्ग दोन तुकड्यांत तोडून बेरीज केली की तीच संख्या परत येते. ४५² = २०२५, २० + २५ = ४५. २९७² = ८८२०९, ८८ + २०९ = २९७. नुसत्या नवांच्या सगळ्या संख्या यात बसतात: ९९² = ९८०१, ९८ + ०१ = ९९.

पटाचा आकडा दशमानात या यादीत येतो का हे मी पाहिलेलं नाही. पण द्विमानात तो नुसते एक आहे, आणि द्विमानात १ म्हणजे तिथला ९, सर्वांत मोठा अंक. त्यामुळे बसलाच पाहिजे. करून बघा: (२^६४ − १)² = (२^६४ − २) × २^६४ + १. डावा तुकडा २^६४ − २, उजवा तुकडा १. बेरीज २^६४ − १. बसला!

अवांतर: १, १२१, १२३२१ या नुसत्या एकांच्या वर्गांच्या कुळाला सरांनी 'डेम्लो' म्हटलं. डोंबिवली स्टेशनच्या तेव्हाच्या नावावरून. लोकलची वाट बघताना आता फलाटाकडे जरा आदराने बघा.

भोचक

८:१२ ची फास्ट पकडताना आदर शक्य नाही.

कर्कटक

एक राहिलं, आणि माझं टोपणनाव बघता ते मीच सांगायला हवं. बाजारसमितींचे अकरा ट्रक आठवा, ४२९४९६७२९५ दाणे, ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. गाउस या जर्मन गणितज्ञाने मार्च १७९६ मध्ये, एकोणीस पूर्ण व्हायच्या आधी, दाखवलं की नुसती पट्टी आणि कर्कटक वापरून सुसम १७ भुजांची आकृती काढता येते. सर्वसाधारण नियम असा निघाला की बाजूंची संख्या विषम असेल तर ती या फर्मा-मूळ संख्यांपैकी वेगवेगळ्या काहींचा गुणाकार असायला हवी. ६५५३७ च्या पुढे अशी मूळ संख्या आजवर एकही सापडलेली नाही. तेव्हा पट्टी-कर्कटकाने काढता येईल अशी आजच्या माहितीतली सर्वांत मोठी विषम आकृती ४२९४९६७२९५ भुजांची आहे. अर्ध्या पटावर जितके दाणे, तितक्या बाजू.

६५५३७ भुजांची कृती मात्र एका माणसाने खरंच लिहून काढली. योहान हर्मेस, जर्मन. दहा वर्षं लागली, १८९४ मध्ये संपली आणि ते बाड ग्योटिंगेनला पेटीत ठेवलेलं आहे. मी वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, "सर, दिसायला ते वर्तुळच ना?"

मोजदाद

सगळ्यांचे आभार, कालपासून घरात दुसरा विषय नाही. फोडीत आता सात मूळ संख्या झाल्या: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७, ६७००४१७. प्रत्येक एकदाच. म्हणजे विभाजक २^७ = १२८, म्हणजे दोन पटांची घरं. हे कळल्यावर लेक म्हणाली, "मग दोन पट जोडले तर?"

सर, १२८ घरं केली की गुणक येतो २^६४ + १, म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१७. शीर्षकातल्या आकड्यापेक्षा दोनच जास्त. याचे तुकडे होतात का?

कर्कटक

होतात. २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. लांद्री या फ्रेंच गृहस्थाने १८८० मध्ये प्रसिद्ध केले, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. त्याहून पुढचा, २५६ घरांचा गुणक तोडायला १९७० उजाडलं, आणि तेव्हा यंत्र हाताशी होतं.

२७४१७६ ला २५६ ने भाग जातो, मुलीला पडताळायला सांगा.

मोजदाद

२७४१७६ = २५६ × १०७१. पडताळलं. मग म्हणाली, आता मोठा भागाकारही मीच करणार. समासात २७४१७७ चा नवापर्यंत पाढा लिहून घेतला आणि सुरुवात. ६, ७, २, ८ बरोबर आले. मग ११५५१३ मध्ये २७४१७७ बसत नाही, तिथे वर शून्य द्यायचं राहिलं आणि उत्तर एक आकडा कमी भरलं. पुन्हा. दुसऱ्यांदा वजाबाकीत हातचा चुकला. तिसऱ्यांदा जेवणाआधी बसली, मी मुद्दाम लांब राहिलो.

आत्ता हाक आली. शेवटच्या पायरीला खाली उरलेत २७४१७, वरून उतरवायचा राहिलाय एकच आकडा, सात. पेन्सिल हातात धरून बसलीय, म्हणते बाबा तू ये मग लिहिते.